मदत हवी आहे: एकच चाक सारखं उतरतंय, पंक्चर सापडत नाही

घाटवळण:
शनिवारी पहाटे पुण्याहून नागपूरला निघायचंय, समृद्धीने. डाव्या पुढच्या चाकातली हवा आठवडाभरात उतरते. पंक्चरवाल्याने चाक काढून टाकीत बुडवलं, एक बुडबुडा नाही. म्हणतो टायरच बदला. कडाही झिजल्यात. बदलू की असाच जाऊन येऊ? "शोरूमला दाखवा" सांगू नका, तिथे सोमवारशिवाय नंबर नाही.

नटबोल्ट:
टायरचा साइज? अलॉय की लोखंडी रिम? कितीवरून किती उतरते, आणि मोजलं गार टायरवर की गरम? कडा म्हणजे आतली, बाहेरची की दोन्ही? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कृष्णाकाठ:
नायट्रोजन भरून टाका. उतरायचा प्रश्नच मिटतो.

नटबोल्ट:
कृष्णाकाठ, गळतीतून नायट्रोजनही तितक्याच आनंदाने बाहेर पडतो. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. तो कोरडा असतो, म्हणून दाब थोडा स्थिर राहतो. फायदा तेवढाच.

घाटवळण:
235/65 आर17, अलॉय. दारावरच्या स्टिकरवर हवेचा दाब 33 पीएसआय आहे, पंपावर 33च भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्प्लेवर चारही चाकं 30 दाखवतात. आठवड्याने हे चाक 25 वर, बाकीची तीन 30 वरच. कडा दोन्ही झिजल्यात, मधली नक्षी चांगली आहे. आता सांगा, बदलू का?

सातारी_स्टेपनी:
घाटवळण, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. पंपापर्यंत जाताना टायर तापतो. गरम टायरमध्ये 33 भरले की गार झाल्यावर 30 दिसणारच, हवा कुठे गेलेली नसते. चारही चाकांत 3 कमी हा मोजण्यातला फरक. डाव्या पुढच्यातले वरचे 5 ही खरी गळती.

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी हवी, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंप लांब असेल तर सकाळी घरी गेजने (दाब मोजायच्या मीटरने) मोजा, किती कमी आहे ते लक्षात ठेवा आणि पंपावर जो आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घाला. घरी 30, पंपावर 33 दिसले, तर 36 भरा. पंपवाला "जास्त होईल" म्हणेल, म्हणू दे. टायरच्या बाजूवर 44 किंवा 51 छापलेलं असतं ती कमाल मर्यादा, ती भरायची नसते.

दोन्ही कडा जाऊन मधली नक्षी शाबूत म्हणजे टायर कमी हवेवर चाललाय.

चाकोरी:
इतक्या खात्रीने सांगू नका. घाटात जड एसयूव्ही जोरात वळवली की पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा जातातच. टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला असेल तरी कड जाते. नक्षीवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागली तर आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं.

सातारी_स्टेपनी:
मान्य, पण ते दोन्ही पुढच्या चाकांवर दिसायला हवं. उजव्या पुढच्याच्या कडा कशा आहेत?

घाटवळण:
उजवं ठीक आहे. हात फिरवला, करवत वगैरे नाही.

वऱ्हाडी_वारा:
भाऊ, समृद्धीवर चालला न, हवा 28च ठेवा. काँक्रीटवर टायर तापते, हवा फुगते, जागा पाहिजे तिले.

नटबोल्ट:
वऱ्हाडी भाऊ, हा सल्ला जीवघेणा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त दुमडते आणि त्या दुमडण्यानेच टायर तापतो. 120 च्या वेगाने तासन्‌तास असं चाललं की आतले थर सुटतात. चालताना दाब 4-5 पीएसआय वाढणं गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो. वाटेत थांबून गरम टायरमधली हवा सोडणंही तितकंच चूक.

मालवणी_मेवा:
वाळूत मात्र 18-20 वर आणावी लागते, नायतर चाक रुततंच.

चाकोरी:
इथे वाळू कोणी विचारली? शिवाय बहुतेक किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे.

सातारी_स्टेपनी:
घाटवळण, हा डिस्प्ले गाडीसोबत आलेला की नंतर बसवलेला?

घाटवळण:
नंतर. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी सेन्सर बसतात ते. त्याचा काय संबंध?

सातारी_स्टेपनी:
सगळा संबंध तिथेच असू शकतो. टोपीवाला सेन्सर दाब मोजण्यासाठी व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो. म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच, आणि हवा अडवणारा उरतो फक्त सेन्सरमधला छोटा रबरी वॉशर. उन्हाने तो कडक झाला किंवा तिरका बसला की तिथून हळूहळू हवा जाते. पंक्चरवाला काय करतो? चाक बुडवण्याआधी हवा भरायला सेन्सर काढून ठेवतो. पिन बंद, गळती बंद, बुडबुडा कुठून दिसणार!

आता भांड्याच्या साबणाचं पाणी घ्या. सेन्सर लावलेलाच ठेवून तो व्हॉल्व्हवर बसतो त्या सांध्यावर टाका, दोन-तीन मिनिटं बघा. मग सेन्सर काढून पिनेवर टाका. मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिममधून बाहेर येतो तिथे. रबर किंचित वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच उघडतात. शेवटी रिमच्या काठाने पूर्ण गोल, कारण अलॉयवर गंज धरला की तिथूनही हवा जाते.

कृष्णाकाठ:
एवढ्या उठाठेवीपेक्षा टायरमध्ये गळती बुजवणारं सीलंट ओता की.

नटबोल्ट:
आणि मग ते एका जागी साचून स्टिअरिंग थरथरलं की बॅलन्सिंगचा वेगळा धागा काढा. व्हॉल्व्हच्या गळतीला सीलंट लागूही पडत नाही.

घाटवळण:
केलं. सेन्सरच्या सांध्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येतायत. सेन्सर काढला की बंद. बुडाशी, रिमला काही नाही. मग टायर बदलायचा नाही ना?

सातारी_स्टेपनी:
गळतीसाठी नाही. पण कमी हवेवर चाललेला टायर तपासल्याशिवाय समृद्धीवर नेऊ नका. चाक काढून आतली बाजूही बघा. फुगा, भेग किंवा गोल घासल्याचा पट्टा दिसला तर टायर बाद. नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, ती 1.6 मिमीची खूण. कड झिजून तिथवर आली असेल तरी बाद. टायर बनल्याची तारीखही बघा. चार आकडे असतात. 1420 म्हणजे 2020 चा चौदावा आठवडा.

सेन्सर तूर्त काढून ठेवा, आत रबर असलेली साधी टोपी लावा. गार टायरवर 33 भरा, शुक्रवारी सकाळी गेजने मोजा. पाच जण आणि सामान असेल तर स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलाय का बघा, मागच्या चाकांना बहुधा जास्त असतो.

चाकोरी:
स्टेपनीही मोजा. बारीक स्टेपनी असेल तर हवेचा आकडा आणि वेगमर्यादा दोन्ही वेगळी असतात, तिच्यावरच लिहिलेली.

घाटवळण:
टायर 1420 नाही, 3221 आहे. नक्षी खुणेच्या बरीच वर. आत पट्टा किंवा फुगा नाही. वॉशर बदलून सेन्सर परत लावू का?

सातारी_स्टेपनी:
वॉशर बदला, पण तुमचे व्हॉल्व्ह रबरी असतील तर 120 ला सेन्सरच्या वजनाने ते बाहेर ओढले जाऊन बुडाशी चिरतात. या फेरीला गेजच न्या. आल्यावर धातूचे, नटने कसायचे व्हॉल्व्ह चारही चाकांना टाका, मग सेन्सर. सेन्सर हातानेच घट्ट करा, पकड लावू नका.

मालवणी_मेवा:
टायर काळे चकचकीत ठेवायला पॉलिश कोणतं बरं?