७ जूनचा मुलांचा फुटबॉल-मेळावा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-१०१ (सचिव)
सर्व सभासदांना नमस्कार. उन्हाळी सुट्टी संपण्यापूर्वी आपण दरवर्षी मुलांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवतो. ११ जूनला मेक्सिको सिटीत फुटबॉलचा विश्वचषक सुरू होत असल्यामुळे यंदाचा कार्यक्रम फुटबॉलचाच असावा, असा मुलांचा आग्रह आहे आणि कार्यकारिणीलाही तो मान्य आहे. रविवार, ७ जून ही तारीख सर्वांना सोयीची वाटते. एका आयोजकाकडून दरपत्रक मागवले आहे. फुग्यांची कमान, खेळाडूंचे मोठे कटआउट, मैदानाच्या आकाराचा केक, ध्वनिक्षेपक आणि निवेदक मिळून १८,००० रुपये, म्हणजे ३६ घरांमागे प्रत्येकी ५०० रुपये वर्गणी येईल. आतापर्यंत २४ मुलांची नावे आली आहेत. पार्किंगच्या मोकळ्या जागेत १२-१२ मुलांचा एक सामना घ्यावा आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूला चषक द्यावा, असा विचार आहे. गुरुवारपर्यंत आपली मते कळवावीत.

ए-२०२
आमच्या घरातून संमती आहे. मुलांना कटआउटशेजारी उभे राहून फोटो काढायला फार आवडते, त्यामुळे सजावटीत काटकसर करू नये, असे मला वाटते. संघांना आपल्या कोल्हापुरातील तालमींच्या फुटबॉल संघांची नावे द्यावीत. पाटाकडील आणि दिलबहार अशी लढत जाहीर केली, तर मुलांच्या अंगात वेगळाच उत्साह येईल.

बी-२०४
सचिवसाहेब, पुढाकाराबद्दल आभार. मी जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दरपत्रकात चेंडूंसाठी एकही रुपया धरलेला नाही आणि माझ्या मते पहिला खर्च चेंडूंचाच व्हायला हवा.

गेल्या वर्षीही आपण पार्किंगमध्ये असाच सर्वांचा मिळून एक सामना घेतला होता. मी कठड्यावर बसून पाहत होतो. सहा-सात वर्षांचा एक मुलगा जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ उभा होता. चेंडू त्या बाजूला आला की तो दोन पावले पुढे यायचा आणि मोठी मुले धावत आली की पुन्हा मागे सरून भिंतीला टेकायचा. अर्ध्या तासात त्याचा पाय चेंडूला एकदाही लागला नाही. खेळ संपल्यावर तो बाजूला पडलेल्या चेंडूपाशी गेला, त्याने तो बुटाच्या टोकाने हलकेच ढकलला आणि आई हाक मारत होती म्हणून घरी निघून गेला. मी स्वतः अनेक वर्षे पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळलो आहे, शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी मी मैदानातून पाहिली आहे, पण त्या मुलाकडे पाहून मला जी हुरहुर लागली ती आजही गेलेली नाही. यंदा एकही मूल तसे परत जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे आणि पुढचे सगळे त्यासाठीच सुचवतो आहे.

चार ते सात वयाची आठ मुले आहेत, त्यांचा सामना घेऊच नये. प्रत्येकाला एक चेंडू द्यावा आणि चेंडू पायाजवळ ठेवून शंकूंमधून वळणे घेणे, शिट्टी वाजली की तळवा चेंडूवर ठेवून थांबणे, असे खेळ घ्यावेत. उरलेल्या १६ मुलांचे चार-चार जणांचे चार संघ करावेत. गोलरक्षक नको, राखीव खेळाडू नको. दोन छोटी मैदाने आखली तर एकाच वेळी दोन सामने चालतील, प्रत्येक संघ इतर तिघांशी एकेकदा खेळेल आणि आठ मिनिटांचा एक सामना धरला तर तीन फेऱ्यांत सहाही सामने पार पडतील. सगळी १६ मुले पूर्ण वेळ मैदानात असतील. चार जणांच्या संघात कोणाला कोपऱ्यात उभे राहताच येत नाही, चेंडू सारखा पायाशी येतो.

चेंडू आकाराने योग्य असावा. मोठ्यांच्या सामन्यातला ५ क्रमांकाचा चेंडू परिघाने ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजनाने ४१० ते ४५० ग्रॅम असतो. सहा वर्षांच्या मुलाने तो जोराने मारला तर पायाला कळ लागते आणि मूल पुढे चेंडूला भिऊ लागते. आठ वर्षांखालील मुलांना ३ क्रमांकाचा आणि त्यापुढे साधारण बारा वर्षांपर्यंत ४ क्रमांकाचा चेंडू द्यावा. लहानांसाठी आठ आणि मोठ्यांसाठी चार, असे बारा चेंडू पुरेत. ते सोसायटीच्या मालकीचे राहतील आणि पुढे रोज संध्याकाळी उपयोगी पडतील.

जागेबद्दलही सांगतो. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर पडल्यास गुडघे सोलवटतात, शिवाय गाड्या हलवण्यावरून वाद होतात. त्याऐवजी टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, दोन तासांसाठी भाड्याने घ्यावे. तिथे सुटे लोखंडी गोलपोस्ट असतील तर ते जमिनीला पक्के बांधलेले नसताना वापरू नयेत, कारण मुले त्यांना लोंबकळतात आणि खांब अंगावर पडण्याचा धोका असतो. गोलसाठी प्लॅस्टिकचे शंकूच बरे. डोक्याने चेंडू मारण्यालाही मनाई असावी. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावात हेडिंग घेऊ नये, असे सांगितले आहे.

ए-२०२ यांच्या तालमीच्या सूचनेमागचा जिव्हाळा मी समजू शकतो, माझे अर्धे आयुष्य त्यातच गेले आहे. तरीही तालमींची नावे नकोत. आपल्याच मजल्यांवर दोन्ही बाजूंचे समर्थक राहतात, आणि अंतिम सामन्यानंतर रस्त्यावर होणारी हुल्लडबाजी व पोलिसांचा बंदोबस्त आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मोठ्यांची ती ईर्षा मुलांच्या सदऱ्यावर चिकटवू नये. रंकाळा, पन्हाळा, पंचगंगा आणि जोतिबा ही नावे सुचवतो. संघ चिठ्ठ्यांनी ठरावेत, पण या १६ जणांपैकी मोठ्या मुलांच्या चिठ्ठ्या एका वाडग्यात आणि लहानांच्या दुसऱ्या वाडग्यात ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक संघात दोन्ही वयांची मुले येतील.

ए-२०२
काका, तालमीच्या नावांबाबत आपले म्हणणे पटले, मी ती सूचना मागे घेतो. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्याही जर्सी नकोत ना? आमच्याकडे त्यावरून आत्ताच धुसफूस सुरू आहे.

बी-२०४
नकोच. घरात असलेला कोणताही टी-शर्ट चालेल. हाताच्या दंडाला चार रंगांच्या कापडी पट्ट्या बांधू. शिलाईच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात, तेवढ्यात काम होईल.

बी-३०१
काकांच्या प्रत्येक मुद्द्याला माझा पाठिंबा आहे. एक गोष्ट मात्र मला स्पष्टपणे मांडायची आहे. २४ नावांमध्ये नऊ मुली आहेत. गेल्या वर्षी मुलींना सामन्याआधीच्या नृत्यासाठी बोलावले आणि सामना सुरू झाल्यावर खुर्च्यांवर बसवले, तेव्हा माझ्या मुलीने बूट घातलेले होते. तिने मला काही विचारले नाही, पण घरी आल्यावर नाडी सोडायला तिला फार वेळ लागला. यंदा चिठ्ठ्यांत मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने असावीत आणि वेगळ्या नृत्याचा आग्रह कोणी धरू नये. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नवी मुंबईत झाली. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले, तो सामना मी मुलीला मांडीवर घेऊन दूरदर्शन संचावर पाहिला होता. आपल्याच राज्यात तो सामना झाला हे मी तिला आता पुन्हा सांगते, तेव्हा ती नीट ऐकते.

बी-२०४
वहिनी, गेल्या वर्षी हे माझ्याही लक्षात यायला हवे होते, ते आले नाही, याचे वाईट वाटते. नऊही मुली खेळतील. रंकाळा संघाचे पहिले नाव आपल्या मुलीच्या हातूनच काढू.

सी-४०२
मी शाळेत गणित शिकवते. कटआउटच्या जागी मुलांच्या हातून एक वस्तू करून घेता येईल, असे सुचवते. काळ्या-पांढऱ्या चेंडूचा जो आकार सर्वांच्या डोळ्यांसमोर येतो, त्यात १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात. प्रत्येक पंचकोनाला पाच षटकोनांचा वेढा असतो आणि दोन पंचकोन एकमेकांना कुठेही चिकटत नाहीत. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात हा चेंडू वापरला गेला. त्या काळच्या कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू उठून दिसावा म्हणून त्यावर काळे ठिपके ठेवले होते. कार्डशीटवर साडेचार सेंटिमीटर बाजूचे तुकडे कापून कडा गमने जोडल्या की तयार होणारा गोळा जवळजवळ खऱ्या चेंडूएवढाच होतो. शनिवारी दुपारी क्लब हाउसमध्ये मी मुलांना बसवते. मोठ्या मुलांनी कापावे आणि लहानांनी रंगवावे. असे चार-पाच गोळे टांगले की सजावट होईल आणि फोटोसाठीही मुले त्यांच्याजवळ आनंदाने उभी राहतील.
ताकीद देणारे पिवळे आणि मैदानाबाहेर काढणारे लाल कार्डही विश्वचषकात प्रथम १९७० मध्येच आले, तेही मुलांना सांगता येईल. आपण मात्र एक हिरवे कार्डसुद्धा ठेवावे. पडलेल्याला हात देणाऱ्या किंवा स्वतःहून चूक कबूल करणाऱ्या मुलाला ते दाखवावे. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा एकच चषक देण्याऐवजी सर्व २४ मुलांना एकसारखे पदक द्यावे, असे माझे मत आहे.

सी-१०२
सर्वांना आशीर्वाद. नातवाकडून लिहून घेते आहे. खाण्याचे काम आम्ही तिघी आज्या घेतो, बाहेरून काही मागवू नये. खेळण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. मधल्या वेळेत कलिंगडाच्या फोडी, मोसंबीच्या सोललेल्या फोडी आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत द्यावे. खेळ संपल्यावर उप्पीट, केळी आणि ओल्या चटणीची भडंग करू. मिसळ लहान मुलांना तिखट होते, ती नको.

ए-३०४
आजी, आपल्या हातची भडंग मुलांना फार आवडते, तरीही एक नम्र विनंती करते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. भडंगेत शेंगदाणे असतात आणि दुसऱ्या मुलाने ते खाऊन त्याच हाताने चेंडू किंवा बाटली त्याला दिली तरी त्याच्या ओठांवर सूज येते. दोन वर्षांपूर्वी एका वाढदिवसाहून आम्हाला थेट रुग्णालयात जावे लागले होते. तेव्हापासून मी त्याला अशा कार्यक्रमांना पाठवणे टाळते, यंदा मात्र तो रोज तारखा मोजतो आहे.

सी-१०२
बाळा, हे आधी का नाही सांगितलेस? भडंग रद्द. शेंगदाण्याचे कूट कशातही घालणार नाही, तेलही सूर्यफुलाचे वापरू. डबे भरण्याआधी तू स्वयंपाकघरात येऊन सगळे बघून जा. त्याला पाठव.

ए-१०१ (सचिव)
सर्वांच्या सूचना नीट वाचल्या. कार्यकारिणीतील सदस्यांशी बोलून बदल करत आहे. आयोजकाला नकार कळवला आहे. दोन तासांचे टर्फ, बारा चेंडू, शंकू, पदके, कार्डशीट आणि खाद्यपदार्थ यांचा अंदाज १०,८०० रुपये होतो, म्हणजे प्रतिघर ३०० रुपये. केक छोटा घेऊ. वेळ सायंकाळी साडेचार ते साडेसहा ठेवली आहे, अंधाराआधी मुले घरी परततील. त्याच सुमारास मृग लागतो, त्यामुळे दुपारी जोराचा पाऊस झाला तर कार्यक्रम १४ जूनला घेऊ. तेवढी मुभा टर्फवाल्यांनी दिली आहे. पाण्याची बाटली प्रत्येकाने घरून आणावी आणि तिच्यावर नाव लिहावे. प्रथमोपचाराची पेटी मी आणतो. पंच म्हणून बी-२०४ चे काका आणि बी-३०१ च्या वहिनी यांनी उभे राहावे, ही विनंती.

बी-३०१
मला नियम पूर्ण येत नाहीत, पण शिकून घेते. काका, ऑफसाइडचा नियम ठेवायचा का?

बी-२०४
चार जणांच्या खेळात ऑफसाइड ठेवायचा नाही. चेंडू बाहेर गेला की हाताने फेकण्याऐवजी पायानेच आत आणायचा, एवढे लक्षात ठेवलेत तरी पुरे. उद्या संध्याकाळी खाली या, दहा मिनिटांत समजावून देतो. दुसरे म्हणजे, कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे मुलांना खेळ सुरू होण्याआधी मी सांगणार आहे. त्यासाठी मला तीन मिनिटे द्यावीत, जास्त घेणार नाही.

ए-३०४
आम्ही येतो आहोत. मुलाचे वय सात आहे, त्याचे नाव लहान गटात लिहावे. गेल्या वर्षी तो थोडा वेळच खाली आला होता आणि जिन्याजवळ उभा होता, काकांनी वर लिहिले आहे तो बहुधा तोच असावा.

बी-२०४
ताई, त्याला साडेचारऐवजी सव्वाचारला घेऊन या. चेंडूंमध्ये हवा भरायची आहे, मला मदतीला एक जण हवा आहे. हवा भरायची सुई माझ्याकडे आहे. पंप कोणाकडे असल्यास कळवावे.

सी-४०२
पंप आमच्याकडे आहे. शनिवारी क्लब हाउसमध्ये ठेवते.