मदत हवी: सी भाषेतून असेंब्ली रुटीनला आर४, आर५ रजिस्टरमध्येच पॅरामीटर कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. गाव औसा तालुक्यात, जिल्हा लातूर. बोअरच्या मोटारीसाठी सिंगल फेजिंग ओळखणारं सर्किट करायलोय. रात्रीची लाईट, एक फेज गेली आणि मोटार तशीच घुंघुं करत राहिली की वाइंडिंग जळालंच. मागच्या हरभऱ्याला आमची अशीच गेली.

बोर्ड कॉर्टेक्स एम० (छोटा एआरएम प्रोसेसर) चा, कंपायलर जीसीसी. रीडिंगची सरासरी काढणारं जुनं असेंब्ली रुटीन मित्राकडून मिळालं, पण नुसती ऑब्जेक्ट फाइल (भाषांतर झालेला कोड, मूळ सोर्स नाही). त्याला बफरचा (रीडिंग ठेवलेल्या जागेचा) पत्ता आर४ मध्ये, रीडिंगची संख्या आर५ मध्ये लागते; हे आर४, आर५ म्हणजे रजिस्टर, प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा. उत्तर आर६ मध्ये येतं. सी चा कॉल मात्र पहिले चार पॅरामीटर आर० ते आर३ मध्येच टाकतो.

म्हणून फंक्शनच्या आत दोन व्हेरिएबल आर४, आर५ ला बांधले आणि इनलाइन असेंब्लीत (सी च्या आतच लिहिलेल्या) नुसतं बीएल, म्हणजे रुटीनला बोलावणारी सूचना, लिहिलं. ऑप्टिमायझेशन बंद असलं की चालतं. ओ२ (ऑप्टिमायझेशनची वरची पातळी) लावलं की फिसकटतं. बीएलवर थांबवून पाहिलं, आर५ मध्ये ३२ पाहिजेत, तिथं भलताच आकडा! दोन रात्री झाल्या, डोकं चालेना.

उत्तर: भाऊ, व्हेरिएबल रजिस्टरला बांधलं तरी ते कायम तिथंच राहील असं जीसीसी म्हणत नाही. असेंब्लीचा ऑपरंड (इनपुट किंवा आउटपुट म्हणून नोंदवलेलं) म्हणून दिलं तरच त्या जागी हमी. तुम्ही ऑपरंड दिलेच नाहीत, म्हणून ओ२ ला ३२ बिनकामाचे वाटले आणि त्यानं काढून टाकले. दोन्ही इनपुटमध्ये द्या, आर६ आउटपुटमध्ये. क्लॉबरमध्ये (असेंब्लीत बदलू शकणाऱ्या गोष्टींच्या यादीत) आर० ते आर३, आर१२, एलआर (परतीचा पत्ता ठेवणारं रजिस्टर), फ्लॅग आणि मेमरी लिहा. एलआर विसरलात तर फंक्शन परतच येणार नाही.

मी मात्र छोटा असेंब्ली रॅपर (मधला जोडणारा फंक्शन) लिहिला असता. आर४, आर५, आर६, एलआर पुश करा (स्टॅकवर जपून ठेवा), आर० आर४ मध्ये, आर१ आर५ मध्ये हलवा, बीएल, आर६ आर० मध्ये आणा, पॉप करताना (परत काढताना) एलआरच्या जागी पीसी, म्हणजे पुढची सूचना कुठली ते ठरवणारं रजिस्टर. मग सी कडून साधा कॉल.

धागाकर्ता: दादा, रॅपरच केला. ओ२ वर आर५ मध्ये ३२ दिसले! आधी पुशमध्ये आर६ राहून गेला होता, तेव्हा मेन लूपमधला काउंटर मधूनच उड्या मारायचा. तो घातल्यावर टेबलावर एक फेज काढून पाहिली, रिलेवरचा बल्ब लगेच विझला. खूप आभार.