मदत हवी आहे: देवगडात मुलांचे डोळे तपासून पोट भरेल का?

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. पुण्यात बी.ऑप्टोम.चं (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या पदवीचं) तिसरं वर्ष संपत आलंय, पुढचं वर्ष इंटर्नशिपचं. मला मुलांच्या डोळ्यांचंच काम करायचं आहे, आणि तेही गावाकडे.

कारण माझा धाकटा भाऊ. शाळेत डोळे तपासताना तो हाताने उजवा डोळा झाकायचा आणि बोटांच्या फटीतून वाचायचा. लबाडी नव्हती, त्याला वाटायचं अक्षरं वाचली म्हणजे झालं. चौथीत कळलं की डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर आहे आणि तो डोळा आळशी झालाय. तिरळेपणा नाही, डोळा लाल नाही, घरात कळणार कसं? आजी तर म्हणाली, "एवढ्याशा पोराक चष्मो कित्याक?" चष्मा, पट्टी सगळं केलं. नजर सुधारली, पूर्ण आली नाही.

कॉलेजात रेटिनोस्कोप हातात आला आणि मी हरखून गेले. मूल एक शब्द बोललं नाही तरी बाहुलीतून परत येणाऱ्या प्रकाशावरून नंबर काढता येतो! पण मुलांचे डोळे फोकस करायला इतका जोर लावतात की प्लस नंबर लपून राहतो. तो जोर सैल करायला थेंब घालावे लागतात. सायक्लोपेंटोलेट घातलं की पाऊण तास बसणं आलं, आणि आईचं लक्ष परतीच्या एसटीकडे. ॲट्रोपिन द्यायचं तर घरी तीन दिवस, मग पुन्हा खेप. एका मुलामागे एवढा वेळ गेला तर दिवसाला मुलं किती होणार, आणि फी काय सांगणार? बाबा म्हणतात, मुंबईत चष्म्याच्या शोरूममध्ये पहिल्या महिन्यापासून पगार मिळेल. आंब्याचा भरवसा नाही, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते.

नंतर 2 वर्षांचं एम.ऑप्टोम. करू की बालनेत्र विभागात फेलोशिप? गावात हे काम करणारं कुणी आहे का इथे?

उत्तर:
मी चिपळूणला एका नेत्रतज्ज्ञांकडे 14 वर्षं आहे. एकटीने खोली घेऊन बसू नकोस. थेंबांना, तिरळेपणाला, मोतीबिंदूला डॉक्टर पाठीशी हवेतच. कणकवली-कुडाळकडच्या नेत्रतज्ज्ञांना भेट, आठवड्याचे दोन दिवस फक्त मुलांसाठी माग. बाकीचे दिवस मोठ्यांच्या चष्म्यांवर घर चालतं, माझं तसंच चाललंय. आमच्याकडे मुलांना सकाळच्या गाडीनेच बोलावतो, आल्या आल्या थेंब, मग चहा-नाश्ता, मग तपासणी. दुपारची एसटी मिळते.

आरबीएसकेची (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) पथकं 2013 पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. त्यांच्या डॉक्टरांशी ओळख ठेव, डोळा हाताने न झाकता चिकटपट्टीने झाकायला सांग. तुझ्या भावाची गोष्ट टळली असती ती तिथेच. फोटोत एखाद्या मुलाची बाहुली पांढरी चमकत असेल तर तुझ्या दोन दिवसांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. तो डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

शिकवायचं असेल तर एम.ऑप्टोम. कर. मुलं तपासायची तर आधी फेलोशिप, कारण रडणाऱ्या दोन वर्षांच्या पोराचा नंबर काढायला हात बसावा लागतो. आणि इंटर्नशिपचा अर्ज भरण्याआधी बालनेत्र विभागात सलग किती आठवडे मिळतील, हे लेखी विचारून घे.