प्रतिस्पर्ध्याची गाडी आधी चालवायची की आधी खोलायची?

चाकोरी: रोल्स-रॉइस कंपनीवाल्या हेन्री रॉइसने दुसऱ्या कंपनीची गाडी विकत घेऊन सुरुवात केली असं वाचलं. मग ही नक्कलच ना? त्या काळचे इंजिनिअर एकमेकांच्या गाड्या रस्त्यावर चालवून बघत, की नुसती मोजमापं घेत?

गिअरबॉक्स: दोन्ही करत, आणि चालवणं जास्त महत्त्वाचं. मी गाड्यांच्या चाचणी विभागात नोकरी केली. स्पर्धकाची गाडी आली की आमचे साहेब कोणाला पान्याला हात लावू देत नसत. चढावर गिअर बदलताना कंप कुठून येतो, उतार संपेपर्यंत ब्रेकचं पेडल किती खाली गेलंय, हे लिहून झालं की मग खोला, म्हणायचे. एकदा सुटी केलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी बोलत नाही, हे मला आजही पटतं.

रॉइसकडे १९०३ मध्ये आली ती दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची जुनी फ्रेंच देकोविल. मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्याचा डायनामो आणि विजेच्या क्रेनचा कारखाना होता. देकोविल अगदी टाकाऊ होती असं सर्रास सांगतात, ते मला अन्यायाचं वाटतं. त्या काळाच्या मानाने गाडी चांगली होती. म्हणून तर रॉइसने मूळ मांडणी फारशी बदलली नाही: इंजिन पुढे, तिथून शाफ्टने मागच्या ॲक्सलला ताकद. खटकलं तिथे मात्र तो हात धुऊन मागे लागला. विजेचा माणूस, त्यामुळे इग्निशन, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगीची व्यवस्था, तर त्याच्या घरचंच. १ एप्रिल १९०४ ला त्याची स्वतःची दोन सिलिंडरची गाडी रस्त्यावर आली. ४ मे रोजी मिडलंड हॉटेलात चार्ल्स रोल्सची भेट झाली. रोल्स लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा, दोन सिलिंडरची थरथर त्याला नकोशी होती, आणि या गाडीने त्याचं मत बदललं. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घाटवळण: बेंटली आणि रोल्स-रॉइस या कंपन्यांच्या चाचणी गाड्यांची फ्रान्समध्ये गाठ पडली होती म्हणतात, ते खरं का?

गिअरबॉक्स: हो, बेंटली कंपनीचे संस्थापक, खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींनीच सांगितलंय. साल १९२४. ब्रिटनमध्ये १९३० पर्यंत ताशी २० मैलांची मर्यादा होती, त्यामुळे चाचण्यांना फ्रान्सचे लांब सरळ रस्ते सोयीचे. बेंटलींची सहा सिलिंडरची नवी गाडी ओळखू येऊ नये म्हणून तिला ओबडधोबड रेडिएटर लावला होता. समोर आली रोल्स-रॉइसची नवी फँटम गाडी, तीही चाचणीवरच. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि शेजारी शेजारी गाड्या सोडल्या. रोल्स-रॉइसवाल्याची टोपी उडाली तेव्हा कुठे ते थांबलं. आपलं इंजिन जेमतेम बरोबरीला पोचतंय हे बेंटलींना तिथेच कळलं, आणि सव्वाचार लिटरचं ते इंजिन त्यांनी थेट साडेसहा लिटरचं केलं. ड्रॉइंग बोर्डावर बसून हा निर्णय एवढ्या लवकर झालाच नसता.

चाकोरी: छान! रोल्स-रॉइसने पुढे कोणाकडून काही उचललं का?

गिअरबॉक्स: ब्रेक. इस्पानो-सुइझा या कंपनीच्या १९१९ च्या एच ६ गाडीत चारही चाकांना सर्वो ब्रेक होते. गिअरबॉक्समधून फिरणाऱ्या भागावर पेडलने दाब दिला की गाडीची स्वतःची गतीच ब्रेक ओढते, पायाला जोर लागत नाही. रोल्स-रॉइसने रीतसर परवाना घेऊन हीच पद्धत वापरली, आणि कितीतरी वर्षं वापरली.