ओव्हरक्लॉक करायचंच नाही, मग ६००० ची रॅम घेऊ कशाला?

अंत्रुजकर, फोंडा
नवा डेस्कटॉप जोडतोय. प्रोसेसर ठरला, रायझन ७ ९७००एक्स. काम म्हणजे गावोगावच्या उत्सवी नाटकांचं एडिटिंग. तीन कॅमेरे, तीन-साडेतीन तासांचा प्रयोग, आणि प्रत्येक नटाच्या घरच्यांना आपलाच माणूस जवळून हवा. गेम खेळत नाही.

दुकानात दोन जोड्या दाखवल्या, दोन्ही ३२ जीबी: ५६०० सीएल४६ आणि ६००० सीएल३०. पहिला आकडा वेगाचा; सीएल म्हणजे माहिती मागितल्यावर ती मिळेपर्यंत थांबायचे ठोके, कमी तितके बरे. दुसरीला साडेतीन हजार जास्त. दुकानदार म्हणतो, "फास्ट घेऊन ठेवा, मागाहून पस्तावाल." ओव्हरक्लॉक, म्हणजे मान्य मर्यादेपेक्षा जास्त वेगावर चालवणं, करणार नाही हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. रेंडर लावून झोपायची सवय आहे. पहाटे उठून निळा स्क्रीन बघायची हौस नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या प्रोसेसरला एएमडीने अधिकृतपणे डीडीआर५-५६०० (म्हणजे ५६०० वेगाची डीडीआर५ जातीची रॅम) पर्यंतच मान्यता दिलीय. त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉक, मग ते एका क्लिकवर होवो नाहीतर दहा. तेव्हा ५६०० घ्यावी आणि वाचलेले पैसे जीबी वाढवायला वापरावेत. पटत नसेल त्याने बोलावं.

बार्देसचा पोरगा
नाही पटत. तुझं ते एका क्लिकवरचं, म्हणजे एएमडीचं एक्सपो, हे रात्र जागून आकडे फिरवणं नव्हे. रॅम बनवणाऱ्यानेच तपासून चिपमध्ये लिहून ठेवलेलं जास्त वेगाचं प्रोफाइल असतं. बायोसमध्ये जा, चालू कर, सेव्ह कर, चहा प्यायला जा.

आणि तू बघतोयस तो आकडाच चुकीचा. ५६०० आणि ६००० मध्ये सात टक्क्यांचा फरक, त्यासाठी मीही पैसे देणार नाही. गंमत सीएलमध्ये आहे. सीएलला २००० ने गुण, वेगाच्या आकड्याने भाग, की थांबायचा वेळ मिळतो. ५६०० सीएल४६ ला येतात १६.४ नॅनोसेकंद, ६००० सीएल३० ला बरोबर १०. साडेतीन हजार त्याचे आहेत.

डिचोलीकर
अंत्रुजकर, तुमचा निर्णय बरोबर, पण कारण अर्धंच सांगितलंत. महागडी रॅम घेऊन सेटिंगला हात लावला नाही, तर ती स्वस्त रॅमपेक्षाही हळू चालू शकते.

माझ्या भाच्याने गणेशचवथीच्या आधी म्हापशात मशीन जोडून घेतलं. रॅमवर हा मोठा ६००० चा स्टिकर, वर रंगीत दिवे, गणपतीवर टांगलेल्या माटोळीपेक्षा जास्त झगमगाट. मी सहज टास्क मॅनेजर उघडलं, परफॉर्मन्स, मेमरी. वेग ४८००. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. ६००० च्या कित्येक जोड्या प्रोफाइल चालू केल्याशिवाय ४८०० वरच उठतात, कारण मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकातला तो मूळ वेग. त्याची ५६०० वाली जेडेक रॅम असती, तर काही न करता ५६०० वर चालली असती. जोडून देणाऱ्याने एक्सपोचं नावही काढलं नव्हतं.

म्हणून स्टिकर वाचू नका. दुकानदाराला विचारा, "प्रोफाइलशिवाय किती?" उत्तर आलं नाही तर उत्पादकाच्या तपशिलात एसपीडी स्पीड म्हणून जो आकडा असतो तो बघा.

मांडवीकाठ
व्होल्टेजचं कोणी बोलतच नाही. जेडेकवाली डीडीआर५ १.१ व्होल्टवर चालते, ६००० ची जोडी बहुधा १.३५ मागते. एक्सपोमुळे नुकसान झालं तर ते वॉरंटीत बसत नाही, हे खुद्द एएमडीच लिहिते. २०२३ च्या एप्रिलमधले जळालेले एएमडीचे रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर विसरलात?

बार्देसचा पोरगा
नाही विसरलो. पण ती चूक रॅमच्या १.३५ ची नव्हती मरे. एक्सपो चालू केलं की बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (मेमरी सांभाळणारा भाग त्यातच येतो) नको तेवढं व्होल्टेज देत होते. नंतर बायोस अपडेट आले आणि १.३ ची मर्यादा पडली. माझं ६००० वर दोन पावसाळे चाललंय.
वॉरंटीचं मात्र मान्य.

साळावलीचं पाणी
माझी गोष्ट उलटी. ग्राफिक्स कार्ड नाही, ८६००जी आहे, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर. ग्राफिक्सलाही तीच रॅम पुरवायची, त्यामुळे तिथे वेगाचा फरक डोळ्यांना दिसतो. आधी एकच १६ ची स्टिक होती, एका चॅनेलवर, म्हणजे रॅमकडे जायची एकच वाट. दुसरी तशीच लावली आणि मशीन बदलल्यासारखं वाटलं. त्यासाठी ओव्हरक्लॉक लागलं नाही. एकटी स्टिक कोणी घेऊ नये, एवढंच.

अंत्रुजकर, फोंडा
४८०० चं मला ठाऊक नव्हतं, डिचोलीकर. म्हणजे मी साडेतीन हजार जास्त मोजून हळू रॅम घरी आणली असती!

नॅनोसेकंदांचं गणित मीही करून बघितलं. ४८०० सीएल४० ला १६.७ येतात, म्हणजे ५६०० सीएल४६ च्या जवळपास तेवढेच. बार्देसकर, तुझा मुद्दा खरा आहे, पण माझ्या कामात रॅम भरली की सगळं एसएसडीवर उतरतं, आणि मग ती १० नॅनोसेकंदांची असली काय नि १६ ची असली काय. आता विचार असा: १६ च्या दोन घेतो, पुढल्या वर्षी तशाच आणखी दोन. बोर्डाला चार स्लॉट आहेत.

डिचोलीकर
तसं करू नका! चार स्टिक लावल्या की याच प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३६०० वर येते. ६४ जीबी हवेत तर आजच ३२ च्या दोन घ्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, बोर्डाचं पुस्तक बघून. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहील. ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मशीन नव्या रॅमशी जुळवून घेतं, घाबरून बटण दाबू नका. आणि त्या वेळी लाईट जाऊ नये म्हणून यूपीएसवर लावा.

बार्देसचा पोरगा
३२ च्या दोन ६००० सीएल३० पण मिळतात.

अंत्रुजकर, फोंडा
भाव बघितलास का? २०२५ च्या शेवटापासून रॅम नुस्त्यासारखी, बाजारातल्या मासळीसारखी, झालीय, सकाळी एक दर, संध्याकाळी दुसरा. ३२ च्या दोन, ५६००, सांगून आलो. शनिवारी बसवतो. ट्रेनिंगला किती मिनिटं लागली ते लिहीन.

मांडवीकाठ
आणि रात्रभर मेमटेस्ट८६, रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्राम, चालवा. ५६०० असली तरी चालवा.