यूएसबी टू सिरीयल केबल, पिवळा त्रिकोण, कोड १० : वजनकाटा नवीन मशीनला जोडला जात नाहीये

मसालेवाला_लालबाग

नमस्कार मंडळी. लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक मालवणी मसाल्याची अख्खी यादी घेऊनच येतं, बेडगी दीड किलो, लवंगी पाव, धणे अर्धा किलो आणि मग दगडफूल, नागकेशर, जायपत्री असं दहा-वीस ग्रॅमनं, एकेका बिलात वीस-वीस ओळी होतात. म्हणून काटा डायरेक्ट कॉम्प्युटरला जोडलेला होता, माल ठेवला की वजन आपोआप बिलात. काट्याला मागे तो जुना नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट आणि तिथून यूएसबीची निळी केबल मशीनला, वर्षानुवर्षं विंडोज ७ वर बिनबोभाट चाललं.

आता जुनं मशीन गेलं, नवीन असेम्बल करून घेतलं, विंडोज ११ आहे. केबल लावली की टुंग आवाज येतो पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि प्रॉपर्टीजमध्ये 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०'. ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून परत टाकला, मागचे पुढचे सगळे यूएसबी पोर्ट बदलून पाहिले, मशीन बंद-चालू केलं, परत तेच. केबलसोबत छोटी सीडी आली होती ती घरात आहे पण नवीन मशीनला सीडी ड्राइव्हच नाही! सध्या माणूस काट्याकडे बघून वजन हातानं टाइप करतोय आणि गर्दीत २५० चं २५ टाकतो, एप्रिल-मे तोंडावर आलाय, तेव्हा तर आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मशीनवाला म्हणतो केबल खराब, काटेवाला म्हणतो मशीन खराब. कुणाचं ऐकू?

गिरगावकर_८६

भावा ते ड्रायव्हर अपडेट करणारं फ्री सॉफ्टवेअर मिळतं बघ नेटवर, ते टाक, एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर लेटेस्ट करून देतं. नाहीतर सरळ फॉरमॅट मार.

अकाउंटवाली_परळ

कृपा करून असलं काही टाकू नका. बिलिंगच्या मशीनवर ते 'एका क्लिकवाले' अजिबात नकोत, नको ते ड्रायव्हर बसवतात, वर पैसे मागत राहतात. आणि फॉरमॅट कशाला, मशीन नवंकोरं आहे हो, त्यात फॉरमॅट करण्यासारखं आहे काय?

दादा, तुम्ही एवढं करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सच्या टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा ओळख क्रमांक) आणि पीआयडी (वस्तूचा ओळख क्रमांक) असं लिहिलेलं दिसेल, ते इथे टाका. त्यावरून केबलच्या आत कुठली चिप आहे ते कळतं, वरच्या प्लास्टिकवर काय छापलंय त्याला काडीची किंमत नाही. आणि त्रिकोणासमोर नाव नेमकं काय येतंय तेही अक्षर न अक्षर लिहा.

मसालेवाला_लालबाग

धन्यवाद ताई. व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३. आणि नाव म्हणून चक्क एक वाक्य येतंय, मी आधी नीट वाचलंच नव्हतं, 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर'. सप्लायर कोण ते देवालाच माहीत, केबल वडिलांनी आणलेली.

ग्रँटरोड_सोल्डर

मग झालं, रोग सापडला. तुमचा ड्रायव्हर बिघडलेला नाहीच, तो मुद्दाम नकार देतोय. केबलच्या यूएसबी टोकाच्या आत एक चिप असते, ती यूएसबीचं सिरीयल करते. तुमच्या केबलमधली पीएल२३०३ ची जी जुनी जात आहे ती चिपवाल्या कंपनीने २०१२ मध्ये बंद केली. याच चिपच्या नकला बाजारात पोत्यानं आल्या होत्या, मग कंपनीने नवीन ड्रायव्हरमध्ये तपासणी घातली, चिप बंद झालेल्या जातीची किंवा नकली वाटली की ड्रायव्हर तिला चालूच करत नाही आणि कोड १० देऊन मोकळा होतो. म्हणजे केबल तुमच्या जुन्या मशीनवर का चालत होती? तिथे जुना ड्रायव्हर होता, त्यात ही चौकशी नव्हती. आता नवीन विंडोजनं नेटवरून नवा ड्रायव्हर आपणहून ओढला. मशीनवाला आणि काटेवाला, दोघांचंही म्हणणं अर्धं चूक.

आता तुमची चिप अस्सल पण म्हातारी की मुळातच डुप्लिकेट, हे या मेसेजवरून छातीठोक सांगता येत नाही, कारण बऱ्याच नकला त्याच जुन्या जातीच्या आहेत. तुमच्या कामापुरता त्यानं फरकही पडत नाही.

इलाज असा की २०१० सालचा ३.३.११.१५२ हा ड्रायव्हर मिळवून इन्स्टॉल करायचा. तुमच्या छोट्या सीडीत तोच किंवा त्याच्या आसपासचा असणार, कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर सीडी वाचून पेनड्राइव्हवर घ्या, नेटवरच्या कुठल्यातरी साइटवरून उचलण्यापेक्षा बरं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कॉम्प्युटर', त्याच्या खाली 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट', तिथे दोन-तीन व्हर्जन दिसतील त्यातलं तारखेनं सर्वात जुनं निवडा. 'हा ड्रायव्हर जुना आहे' वगैरे कुरकुर करेल, पुढे जा. केबल काढून परत लावा, त्रिकोण जायला हवा.

अकाउंटवाली_परळ

हा जुगाड आमच्या एका क्लायंटकडे केलेला आहे, चालतो, पण टिकत नाही हे आधीच सांगून ठेवा ना त्यांना. विंडोज अपडेट कधीतरी परत नवा ड्रायव्हर आणून बसवतं आणि सकाळी दुकान उघडल्यावर परत पिवळा त्रिकोण. शिवाय कुणी झाडू मारताना केबल काढून शेजारच्या यूएसबीत लावली की विंडोजला तो नवा डिव्हाइस वाटतो, कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोज सिरीयल पोर्टला देतं तो नंबर बदलतो, बिलिंग सॉफ्टवेअर मात्र जुन्याच नंबरावर वाट बघत बसतं. दुकानातला मुलगा रोज 'लेट मी पिक' करत बसणार आहे का?

ग्रँटरोड_सोल्डर

मान्य आहे. पण केबल नवीन येईपर्यंत धंदा तर चालला पाहिजे. नवीन घ्यायचीच असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत), रविवार सोडून, कारण रविवारी बहुतेक शटर खाली असतात. नुसतं 'यूएसबी टू सिरीयल द्या' म्हणालात तर समोरचा परत तीच निळी केबल हातात ठेवेल. चिप विचारा. सीएच३४० वाली स्वस्त असते आणि काट्याच्या कामाला पुरून उरते. महागड्या नामांकित चिपच्या नावानं नकली माल खूप येतो, आणि २०१४ मध्ये अशाच एका दुसऱ्या चिपकंपनीच्या ड्रायव्हरनं नकली चिपचा पीआयडीच शून्य करून टाकला होता, केबल सगळीकडे ओळख हरवून बसल्या, त्यावरून जगभर बोंबाबोंब झालेली. म्हणून म्हणतो, नावाला भुलू नका, दुकानातच लॅपटॉपला लावून आयडी बघून घ्या, सीएच३४० ला १ए८६ आणि ७५२३ येतं.

हेडर_पिन

उशिरा आलो पण एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. मशीन डेस्कटॉप आहे ना, लॅपटॉप नाही? मग यूएसबी हवीच कशाला?

साध्या, ऑफिसच्या वापराच्या मदरबोर्डवर आजही बऱ्याचदा सिरीयल पोर्टचं हेडर असतं, फक्त बाहेर पोर्ट काढून दिलेला नसतो. बोर्डच्या खालच्या कडेला बघा, दोन रांगांत पाच-पाच पिनांची जागा, त्यातली एक पिन मुद्दाम गायब, म्हणजे नऊ पिना, बाजूला बारीक अक्षरात 'कॉम' किंवा 'जेकॉम१' लिहिलेलं. त्यावर बसणारी पट्टीची केबल मिळते, एका टोकाला हेडरचा सॉकेट, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा पोर्ट असलेली लोखंडी पट्टी, ती कॅबिनेटच्या मागे रिकाम्या स्लॉटमध्ये स्क्रूनं बसते. शे-दीडशेचं काम. त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबतच येतो, कॉम१ म्हणून दिसतो, नंबर बदलत नाही, चिप अस्सल का नकली ही भानगडच नाही.

दोन गोष्टी सांभाळा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतं ते बोर्डचं सेटिंग) सिरीयल पोर्ट 'एनेबल्ड' पाहिजे. आणि या पट्ट्या दोन प्रकारच्या वायरिंगच्या येतात, दिसायला अगदी जुळ्या. एकीत आकड्याला आकडा जोडलेला असतो, हेडरची २ पोर्टच्या २ ला, ३ पोर्टच्या ३ ला. दुसरीत रिबन सरळ दाबलेली असते त्यामुळे हेडरची १ पोर्टच्या १ ला पण २ जाते ६ ला, ३ जाते २ ला, अशी गुंफण. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये पिनांचा तक्ता बघा, दोन नंबरसमोर 'सिन' किंवा 'आरएक्सडी' असेल तर पहिली घ्या, 'डीएसआर' असेल तर दुसरी.

मसालेवाला_लालबाग

अरे वा, हे तर मशीनवाल्यानं सांगायला हवं होतं! झाकण उघडलं, आहे हेडर, 'कॉम' असं लिहिलंय. मॅन्युअलात २ समोर सिन आहे. तोपर्यंत सोल्डर दादांच्या पद्धतीनं मेव्हण्याच्या लॅपटॉपवरून सीडीतला ड्रायव्हर काढून टाकला, त्रिकोण गेला, काटा बिलिंगमध्ये वजन देतोय.

मसालेवाला_लालबाग

अपडेट. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन पट्टी आणली, बसवली, कॉम१ दिसतोय, त्रिकोण नाही काही नाही, पण वजन येत नाहीये. बिलिंगमध्ये कॉम१ निवडला, स्पीड ९६००, जुन्या मशीनवर होतं तेच सगळं. दुकानदाराला वायरिंगचं विचारलं तर म्हणाला 'सगळ्या सेमच असतात'. काट्याचं काही सेटिंग बदलावं लागेल का, काटा उघडून बघू?

अकाउंटवाली_परळ

काटा उघडू नका!! वैधमापनवाल्यांचं सील असतं त्यावर, ते तुटलं तर परत मुद्रांकन करून घेईपर्यंत तो काटा धंद्यात वापरता येणार नाही. आणि निळ्या केबलवर काटा चालतोय म्हणजे काट्यात दोष नाहीच.

हेडर_पिन

बरोबर, काट्याला हातसुद्धा लावू नका. पट्टी तपासा. पुटी नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, 'सिरीयल' निवडा, कॉम१, ९६००, फ्लो कंट्रोल 'नन'. काटा काढून ठेवा आणि मागच्या पोर्टच्या वरच्या पाच पिनांच्या रांगेतल्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका बारीक वायरीनं एकमेकींना जोडा, नंबर पिनांजवळ अगदी बारीक कोरलेले असतात, टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाहीत. आता कीबोर्डवर काहीही टाइप करा. अक्षरं स्क्रीनवर परत उमटली तर पोर्ट आणि पट्टी ठीक, नाही उमटली तर पट्टीचं वायरिंग उलट जातीचं. मल्टिमीटर असेल तर त्याहून सोपं, मशीन बंद करून पट्टी काढायची आणि हेडरच्या २ नंबरच्या भोकातून पोर्टच्या २ पर्यंत बीप येते का बघायचं.

मसालेवाला_लालबाग

अक्षरं उमटली नाहीत. शेजारच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मीटर आणला, २ वरून बीप पोर्टच्या ६ वर. म्हणजे तुम्ही सांगितलेली गुंफण! आज परत गेलो, मीटर खिशात घेऊनच, काउंटरवरच चार पट्ट्या तपासल्या, दुकानदार बघतच राहिला. आकड्याला आकडा जोडलेली मिळाली. लावली आणि पुटीमध्ये काट्याचे आकडे धबधब्यासारखे सुरू, बिलिंगमध्येही वजन आलं. निळी केबल काढली.

तिसरी_लोकल

धागा वाचून मीही उत्साहानं झाकण उघडलं, आमच्या लेबल प्रिंटरचंही हेच दुखणं आहे. पण माझ्या बोर्डवर कॉम हेडरच नाही. मग?

हेडर_पिन

मग पीसीआय एक्सप्रेसचं सिरीयल कार्ड. स्लॉट छोटावाला चालतो. पण त्याला ड्रायव्हर लागतोच, त्यामुळे घ्यायच्या आधी कार्डावरच्या चिपचा नंबर बघून विंडोज ११ चा ड्रायव्हर चिपवाल्यांच्या साइटवर आहे का तपासा. कॅबिनेट बारीकवालं असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी सोबत देतात का तेही विचारा, नाहीतर कार्ड येईल आणि बसणार नाही.