सकाळी 7 ते 11: एप्रिल 2021 च्या निर्बंधांवरचा राग नेमका कशावर होता?

सह्यवारा (धागाकर्ता)
कोरोनाच्या टाळेबंदीचा विषय निघाला की दोनच सूर लागतात. लोकांना शिस्त नाही, दंडुक्याशिवाय ऐकत नाहीत, हा एक. सगळा अतिरेक होता, उगाच गरिबाच्या पोटावर पाय दिला, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. महाराष्ट्रातल्या 'ब्रेक द चेन' (संसर्गाची साखळी तोडा) या नावाने निघालेल्या आदेशांपुरतं बोलू या, म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

माझं म्हणणं असं की बहुतेकांचा विरोध निर्बंधांना नव्हताच, आदेश ज्या तऱ्हेने लिहिले गेले त्याला होता. 14 एप्रिलच्या रात्री 8 वाजल्यापासून संचारबंदी लागली. आठवडाभरात किराणा, भाजी, डेअरी, बेकरी यांची वेळ सकाळी 7 ते 11 वर आणली. आता हिशोब करा. समजा, गल्लीतल्या वाण्याकडे दिवसाला 200 गिऱ्हाइकं येतात. सकाळी 8 ते रात्री 9 दुकान उघडं असेल तर ताशी 15 माणसं. तीच 200 चार तासांत बसवली की ताशी 50. सुटी डाळ-साखर मोजायची, पुडी बांधायची, पैसे घ्यायचे, याला माणशी 5 मिनिटं धरली तरी काउंटरवर सतत चार जण उभे राहतात आणि त्यांच्यामागे रांग लागते ती वेगळीच. शिवाय गर्दी चार तासांत सारखी पसरत नाही. पावणेअकराला बीट मार्शलची, म्हणजे गस्तीच्या पोलिसांची, गाडी फिरायला लागते, शटर अर्धं खाली येतं आणि उरलेले सगळे एकदम पायरीवर चढतात. संसर्गाच्या दृष्टीने दिवसातली सर्वांत वाईट 15 मिनिटं आदेशानेच तयार केली. दुसऱ्या दिवशी त्याच गर्दीचे फोटो 'बघा, लोक ऐकत नाहीत' म्हणून फिरायचे.

निशिगंध
सह्यवारा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो दुकानाच्या पायरीपुरता आहे. 7 ते 11 चा हेतू दुकानातली गर्दी कमी करणं हा नव्हताच. दिवसभर 'जरा सामान आणायला निघालोय' हे कारण चालत राहिलं तर नाक्यावरच्या पोलिसाला कुणालाच अडवता येत नाही. 11 नंतर ते कारण संपतं. रस्त्यावरची एकूण माणसं कमी करायची होती.

आणि घाई का होती तेही बघा. राज्यात ऑक्सिजन तयार व्हायचा रोज साधारण 1,250 टन, मागणी त्याच्या पुढे गेली होती. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू असतो. साध्या मास्कवर मिनिटाला 10 लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लो नेझल कॅन्युलावर (नाकातून जास्त वेगाने ऑक्सिजन देणारी नळी) मिनिटाला 60 लिटर लागले तर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामा. म्हणजे वॉर्डात असे दहा रुग्ण वाढले की दिवसाला सव्वाशे सिलिंडर जास्त लागतात. तेवढे भरणार कोण आणि आणणार कोण? 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. घाटातले बोगदे आणि वरची विजेची तार यांमुळे उंच टँकर जवळच्या मार्गाने जाईनात, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी फिरवली. टँकर भरून परत यायला चार-पाच दिवस लागले. अशा वेळी प्रशासनाने वाण्याच्या रांगेचं गणित मांडत बसावं, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

पेठकर
गणित मांडायला वर्षभर मिळालं होतं की! पुण्यात जुलै 2020 मध्ये दहा दिवसांची टाळेबंदी झाली. शुक्रवारी जाहीर, सोमवारच्या मध्यरात्रीपासून लागू, पहिले पाच दिवस दूध-औषधं सोडून जवळपास सगळं बंद. मधल्या शनिवार-रविवारी बाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. हा धडा हातात असताना एप्रिलमध्ये पुन्हा तेच केलं.

व्यापाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. बांधकाम सुरू ठेवता येईल, पण मजूर जागेवरच राहणारे असले तर. आणि हार्डवेअरच्या दुकानाचं शटर खाली. मग पाइप, वायर, नळाच्या चाव्या आणायच्या कुठून? मागच्या दाराने माल द्यावा तर दंड, न द्यावा तर नेहमीचं गिऱ्हाईक तुटतं. कापडवाला आणि भांडीवाला तर थेट 'अत्यावश्यक नाही' या रकान्यात. भाडं, वीजबिलाचा स्थिर आकार, नोकरांचे पगार, बँकेचा हप्ता यांपैकी काहीच 'अत्यावश्यक नाही' म्हणून थांबत नव्हतं. सम-विषम तारखांना दुकानं उघडायची पद्धत 2020 च्या 'मिशन बिगिन अगेन'मध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने सगळं पुन्हा सुरू करताना, वापरून झाली होती. ती का नको होती, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

दक्षिणदिशा
मूळ प्रश्नच कुणी विचारत नाही. निर्बंधांमुळे लाट ओसरली का? मुंबईत दिवसातले सर्वाधिक रुग्ण 4 एप्रिलला नोंदले गेले, 11 हजारांच्या वर. कडक संचारबंदी लागली 14 ला. शिखर आधी आणि बंदी नंतर, मग श्रेय कशाचं?

निशिगंध
@दक्षिणदिशा, श्रेयाचा वाद तारखांवरून लावायचा तर अंतर नीट मोजायला हवं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस, मग चाचणी करून घ्यायला आणि अहवाल यायला दोन-तीन दिवस. आज नोंदलेला रुग्ण आठवड्यापूर्वी लागण झालेला असतो. म्हणजे मुंबईचं शिखर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या संसर्गाचं. तेव्हा फक्त रात्रीची जमावबंदी होती. 14 एप्रिलच्या आदेशाने मुंबईचं शिखर आणलं नाही, हे मी मान्यच करते. पण आकडे चढायला लागल्यावर लोक आपणहून सावध झाले, हेही त्यातून दिसतं. राज्याचा उच्चांक 18 एप्रिलचा, 68,631. त्यातही 14 च्या आदेशाचा वाटा फारसा नसणार. आदेशाचा परिणाम शोधायचा तर एप्रिलअखेर आणि मे महिन्यात, उतार किती वेगाने झाला यात शोधावा लागेल. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात मात्र आदेश तोच असून रुग्ण जून-जुलैपर्यंत रेंगाळले. एकच कागद सगळीकडे सारखा चालत नाही. आदेश कसे लिहिले यावर सह्यवारांनी ठेवलेलं बोट इथे योग्य ठरतं.

उंबरठा
इथे सगळे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्याबद्दल बोलताय. 'घरात राहा' हा आदेश ज्यांचं घरच दहा बाय दहाचं आहे त्यांनी कसा पाळायचा? जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (लागण होऊन गेल्याची खूण) सापडली, बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. देशातली सर्वांत कडक टाळेबंदी नुकतीच होऊन गेली होती, तरी हे आकडे! सार्वजनिक संडास, पाण्याचा नळ आणि जिना सामायिक असेल तर दार बंद करून विषाणू बाहेर राहत नाही. धारावीत ज्याचा उपयोग झाला ते वेगळंच होतं: घरोघरी ताप तपासणं, शाळा आणि सभागृहांत विलगीकरण, तिथे दोन वेळचं जेवण, संडासांची दिवसातून अनेकदा सफाई. जेवणाची सोय आहे म्हटल्यावर माणूस लक्षणं लपवत नाही. विलगीकरण म्हणजे मजुरी बुडणार आणि घरचे उपाशी, असं असलं की लपवतो.

आता पैशाचं. एप्रिल 2021 मध्ये राज्याने 5,476 कोटींचं साहाय्य जाहीर केलं. परवानाधारक रिक्षाचालकाला 1,500 रुपये. पण शहरात कितीतरी चालक दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवतात. परवाना मालकाच्या नावावर, बिल्ला चालकाच्या खिशात. पैसे जाणार परवान्याशी जोडलेल्या आधारच्या खात्यात. दिवसभर हँडल धरणाऱ्याला काय? घरेलू कामगार आणि फेरीवाल्यांच्या बाबतीतही 'नोंदणीकृत' हाच शब्द. धान्य माणशी 3 किलो गहू आणि 2 किलो तांदूळ, तेही शिधापत्रिका असेल तर. आणि 1,500 रुपयांत दीड महिना कुणाचा निघतो? अशा माणसाने हातगाडी बाहेर काढली तर त्याला बेशिस्त म्हणायला माझी जीभ वळत नाही.

निशिगंध
उंबरठा, परवान्याचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जरीपटका
या सगळ्याच्या मुळाशी 1897 चा साथरोग कायदा आहे. मुंबईच्या प्लेगसाठी घाईने केलेला, मूळचा चार कलमांचा. सरकारला वाटेल तो आदेश काढायची मुभा, मोडणाऱ्याला तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं 188 वं कलम, आणि ज्याचं काम बंद पडलं त्याला काय द्यायचं यावर एक ओळ नाही. त्या प्लेगच्या साथीत, रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात, पुण्यात सोल्जर घरात घुसून माणसं छावणीत न्यायचे, सामान जाळायचे. 2021 ची तुलना त्याच्याशी कुणी करत असेल तर ती चूक आहे, तेवढं टोक इथे गाठलं गेलं नाही. पण लोकांकडे बघायची कायद्याची नजर तीच राहिली. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या 12 व्या कलमात उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठीच्या साहाय्याचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जून 2021 च्या निकालानंतर त्याच कलमाखाली मृतांच्या वारसांना 50,000 रुपये मिळाले. उपजीविकेचा भाग तसाच राहिला.

सह्यवारा
निशिगंध, रस्त्यावरची माणसं कमी करायचा हेतू मान्य. मग दुकान संध्याकाळपर्यंत उघडं ठेवून प्रभागातल्या इमारती किंवा गल्ल्यांना वेळ वाटून देता आली असती. पोलिसाला पत्ता विचारून तेवढंच अडवता आलं असतं.

आदेश कसा लिहावा याचं बरं उदाहरण त्याच सरकारने दाखवलं. 7 जून 2021 पासूनचे पाच स्तर. चाचण्यांत बाधित निघणाऱ्यांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा असे दोनच आकडे. बाधित 5 टक्क्यांखाली आणि खाटा 25 टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर, सगळं खुलं. बाधित 20 टक्क्यांवर किंवा खाटा 75 टक्क्यांवर गेल्या तर पाचवा, सर्वांत कडक. गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. दुकानदाराला चार दिवस आधी कळायचं.

पेठकर
त्यातही पळवाट होतीच. अँटिजेन चाचण्या भरमसाठ वाढवल्या की भागाकार खाली येतो आणि जिल्हा सैल निर्बंधांच्या स्तरात जातो. 25 जूनला ती दुरुस्ती झाली, फक्त आरटीपीसीआर धरायचं ठरलं. पण त्याच आदेशाने सगळ्या जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तरावर आणलं, म्हणजे आकडा कितीही सुधारला तरी दुकान दुपारी 4 लाच बंद! आकडा सुधारून फायदा नाही म्हटल्यावर त्या आकड्याशी कुणाला देणंघेणं उरतं? ऑगस्टच्या सुरुवातीला बहुतेक जिल्ह्यांना रात्री 8 पर्यंत मुभा मिळाली, पुण्यासह 11 जिल्हे तसेच राहिले, तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांनी 4 नंतरही दुकानं उघडी ठेवायचा पवित्रा घेतला. त्याला बेशिस्त म्हणणाऱ्यांनी 25 जूनचा आदेश एकदा वाचावा.